वजाबाकी अडली, हिरांनी सुटली

४२ वजा १७ चं उत्तर ३५ येत होतं. कारण एककात मूल ७ मधून २ काढतं. मोठ्यातून लहान वजा करायचं, एवढंच त्याला ठाऊक.

माडाच्या चुडताचे (झावळीचे) ताजे हीर, म्हणजे पात्यांमधल्या काड्या घेतल्या, बोटभर लांबीचे ५० तुकडे कापले, टोकं घासून बोथट केली. दहा-दहांच्या जुड्या रबरबँडने बांधल्या. ४ जुड्या, २ सुटे मांडायचे नि १७ मागायचे. सात सुटे देताना मूल अडतं. इथे आपण गप्प राहायचं! जुडी त्यानेच सोडायला हवी. मग १२ सुट्यांतून ७ गेले, ३ जुड्यांतून १ गेली: २५.

काजूबिया मात्र नकोत. जुडी बांधता येत नाही, शिवाय कच्च्या बीच्या सालीतलं तेल कातडी भाजतं.