तलावपाळीवरच्या काकांशी वाद कसा घालावा

ठाण्यातल्या आमच्या कट्ट्यावरचे एक काका जानेवारीत स्वेटर ओढत हमखास विचारतात, "कुठंय तुमची तापमानवाढ?" भडकायचं नाही. आधी कटिंग मागवा. मग सांगा, आजची थंडी वेगळी, तीस वर्षांची सरासरी वेगळी. "सूर्यच तापलाय" म्हणाले, तर विचारा: मग स्ट्रॅटोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा थर, थंड का होतोय? सूर्यामुळे असतं तर तोही तापला असता. उष्णता अडवणारा कार्बन डायऑक्साइड मात्र वाढतोय: हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ साली तो ३१५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३१५) होता, आता ४२०च्या वर.

कोळसा कधी बंद करायचा, हा मात्र धोरणाचा प्रश्न. तिथे काकांचं ऐका. संध्याकाळी सातला ऊन नसतं, म्हणजे सौरवीज नाही, आणि घोडबंदरचे सगळे एसी चालू असतात, हे खरंच आहे.

"यंदा थंडी पडणारच नाही" अशी पैज लावू नका. मी दोन वडापाव हरलेय.