खवले मांजराचा सौदा कानावर आला तर काय करावे

कोकणात खवले मांजर म्हणून ओळखला जाणारा प्राणी मांजरही नाही आणि कोणाच्या वाटेलाही जात नाही. रात्री बाहेर पडायचे, मुंग्या आणि वाळवी खायची, धोका वाटला की अंगाचा चेंडू करून स्वस्थ पडून राहायचे, एवढाच त्याचा दिनक्रम. बिबट्याच्या दातांपुढे हा चेंडू टिकतो. माणसापुढे मात्र तोच त्याचा घात करतो, कारण गुंडाळून बसलेले खवले मांजर उचलून पोत्यात घालायला बंदूकही लागत नाही आणि कौशल्यही लागत नाही. मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते, त्यामुळे एखाद्या गावाच्या रानातून दोन-चार जनावरे गेली तर ती तूट लवकर भरून निघत नाही. त्याचे खवले आपल्या नखांप्रमाणेच केराटिनचे असतात, तरीही त्यांत औषधी गुण असल्याच्या समजुतीने चीन आणि व्हिएतनाममध्ये त्यांना मागणी आहे. आपल्याकडची भोंदूगिरीही काही कमी नाही. उंदीर खाऊन शेतकऱ्याचे भले करणाऱ्या बिनविषारी मांडुळाचा भाव गुप्तधनाच्या लोभाने वजनावर ठरवला जातो, हे महाराष्ट्रात कोणाला नव्याने सांगावे लागत नाही.

असा सौदा सामान्य माणसाच्या कानावर येतो तो बहुतेक वेळा मोबाईलवरच्या एखाद्या चित्रफितीतून किंवा ‘एक वस्तू आहे, गिऱ्हाईक असेल तर सांगा’ अशा मोघम निरोपातून. अशा वेळी उत्साही माणसाला पहिला मोह होतो तो स्वतःच खोटे गिऱ्हाईक बनून चोर पकडण्याचा, आणि तो कटाक्षाने टाळावा. बनावट ग्राहक पाठवून सापळा लावणे हे वनखात्याचे आणि पोलिसांचे काम आहे. आपण बोलणी वाढवली, भाव विचारला किंवा आगाऊ रक्कम दिली तर जिवाला धोका असतोच, शिवाय उद्या तपासात आपलेच नाव सौद्यात निघू शकते. निरोप पुढे पाठवू नये आणि पुसूनही टाकू नये. तो ज्या क्रमांकावरून आला तो क्रमांक, तारीख, वेळ आणि पडद्यावरचे छायाचित्र जपून ठेवावे, आणि महाराष्ट्र वनविभागाच्या 1926 या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. व्यवहार डोळ्यांदेखत चालू असेल तर 112 वर पोलिसांना फोन करावा. आपले नाव गुप्त राहावे अशी इच्छा असेल तर ते बोलण्याच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे.

फोनवर काय सांगायचे, याला फार महत्त्व आहे. ‘आमच्या भागात शिकार चालते’ या वाक्यावर कोणताही वनरक्षक काही करू शकत नाही. गावाचे आणि वाडीचे नाव, जवळची खूण, गाडीचा क्रमांक आणि रंग, माणसे किती, हातात काय होते, आणि त्यांतले आपण स्वतः पाहिले किती व ऐकले किती, हे वेगवेगळे करून सांगितले तर पथक योग्य जागी पोहोचते. आपल्या भागाच्या वनरक्षकाचा आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याचा क्रमांक आधीच घेऊन ठेवलेला बरा. रात्री अकरा वाजता तो शोधत बसणे व्यर्थ असते.

रानात फासकी आढळली तर प्रश्न अधिक नाजूक होतो. झुडपांच्या आडोशात मुद्दाम ठेवलेली फट आणि तिच्यात दुचाकीच्या क्लचच्या तारेचा गळफास, असे तिचे रूप अनेकदा असते. तिला हात न लावता छायाचित्र घ्यावे, मोबाईलवरून ठिकाण नोंदवावे आणि तेथून निघून जाऊन कळवावे, कारण जागा जशीच्या तशी राहिली तर पंचनामा नीट होतो आणि फासकी लावणारा पाहणीला आला असता सापडूही शकतो. तीत बिबट्या अडकलेला असेल तर गर्दी हटवणे ही सर्वांत मोठी मदत आहे. माणसांच्या कल्ल्याने बिथरलेले जनावर धडपडते आणि तार आणखी रुतते.

तथापि, फासकी लावणारा दर वेळी तस्कर नसतो. बऱ्याचदा तो आपलाच शेजारी असतो आणि रानडुकरांनी भात, भुईमूग उद्ध्वस्त केल्याने चिडलेला असतो. कायद्याला हा फरक फारसा दिसत नाही: 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात सापळा लावणे आणि तसा नुसता प्रयत्न करणे हीदेखील शिकारच आहे, आणि डुकरासाठी लावलेल्या तारेत बिबट्या किंवा खवले मांजर सापडले तर प्रकरण अनुसूची 1 मधील, म्हणजे कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेल्या, प्राण्याचे होते. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला किमान 3 आणि कमाल 7 वर्षे कैद व किमान 25,000 रुपये दंड आहे. शेजाऱ्याला हे वेळेवर सांगणे आणि पीकनुकसानीच्या भरपाईचा अर्ज त्याच्यासोबत बसून भरून देणे, हे माझ्या मते दहा जनजागृती फेऱ्यांपेक्षा मोलाचे काम आहे. कुंपणाच्या तारेत कोणी वीज सोडली असेल तर मात्र समजुतीची वाट पाहत बसू नये. त्यात माणसेही मरतात, म्हणून वनविभागाबरोबर महावितरणलाही लगेच कळवावे.

खवले मांजर जिवंत दिसले, तर त्याचे छायाचित्र ठिकाणासह समाजमाध्यमांवर टाकू नये. कौतुकाने लिहिलेले गावाचे नाव शिकाऱ्याला आयता पत्ता पुरवते. ते अंगणात शिरले असेल तर कुत्री बांधावीत, दिवे मंद करावेत आणि त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे. जखमी असेल तरच 1926 वर कळवून पथक येईपर्यंत लांबून लक्ष ठेवावे.

तक्रारीनंतर हालचाल दिसली नाही तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यावा, त्याची प्रत उपवनसंरक्षकांना पाठवावी आणि दोन्हींची पोच घ्यावी. जिल्ह्याच्या मानद वन्यजीव रक्षकाचीही मदत होते. एवढ्यानेही भागले नाही, तर अधिनियमाच्या कलम 55 नुसार 60 दिवसांची नोटीस देऊन कोणीही नागरिक थेट न्यायालयात तक्रार दाखल करू शकतो, पण ही वाट वकिलाच्या सल्ल्यानेच धरावी.

शेवटी पंच होण्याविषयी. मुद्देमाल सापडतो, आरोपी पकडले जातात, आणि पुढे न्यायालयात पंच फितूर झाल्याने खटला कोसळतो. वनपालाने पंच म्हणून बोलावले तर जावे, पंचनामा पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये, आणि त्याच रात्री जागा, वेळ, वस्तूंची संख्या आणि हजर माणसे आपल्या वहीत तारखेसह लिहून ठेवावीत, कारण साक्षीचे समन्स हाती पडेपर्यंत काही वर्षे उलटलेली असू शकतात.