साउंड कार्ड घेताय? आधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात वडगावला एका अण्णांच्या घरी गेलो होतो. खाली दोन माग, माडीवर कॉम्प्युटर. वडिलांच्या कीर्तनाच्या चाळीसेक कॅसेट त्यांनी ट्रंकेत जपून ठेवल्यात आणि त्या कॉम्प्युटरवर घ्यायला सुरुवात केली होती. पण प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये वडिलांच्या आवाजामागे सतत घुर्रर्र चालू. अण्णांनी मला बोलावलं ते एवढंच सांगायला, "चांगलं साउंड कार्ड बसव बघू एकदा. पैशाकडे बघू नको." साउंड कार्ड म्हणजे कॉम्प्युटरचा आवाज आत घेणारी आणि बाहेर देणारी वेगळी पाटी.

मी आधी विचारलं, "अण्णा, कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात का?"

"येतात की. कधीपासून येतात."

खिशातला टेस्टर कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला लावला तर तो मंद पेटला. कॉम्प्युटरची पिन तीन पायांची होती, पण ज्या एक्स्टेंशन बोर्डात ती घातली होती त्याची वायर दोनच तारांची. अर्थिंग नावालाही नव्हतं. मी सांगितलं, "कार्डाचे पैसे राहू देत. उद्या वायरमनला बोलवा."

साउंड कार्ड घेऊ का, असं विचारणाऱ्या बहुतेकांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच असते. आवाजात खोट असते हे खरं, पण ती कार्डाने जाणारी नसते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कॉम्प्युटर बसवताना आणि भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करताना ज्या चुका मला पुन्हा पुन्हा दिसल्या, त्या इथे लिहितो.

जुन्या काळाचा हिशेब आज लावणे

साउंड कार्डाचा दबदबा उगाच नव्हता. 1989 साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर आलं, तेव्हा साध्या पीसीला आतल्या छोट्या स्पीकरच्या टूंटूंशिवाय आवाजच नव्हता. कार्ड घातलं की गाणं, न घातलं की मुकं यंत्र. पुढे 1997 मध्ये इंटेलने एसी 97 हे मानक आणलं आणि आवाज मदरबोर्डवरच, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीवरच, येऊ लागला. तो सुरुवातीला खरोखर वाईट होता, खरखर आणि गळका. त्या दिवसांत ज्यांनी वेगळं कार्ड घातलं त्यांना जमीन-अस्मानाचा फरक जाणवला, आणि तेच मत अजून तोंडोतोंडी चालतंय.

2004 मध्ये इंटेलचंच एचडी ऑडिओ हे पुढचं मानक आलं. 2007 साली आलेल्या विंडोज व्हिस्टाने गेममधल्या आवाजाचं काम थेट कार्डाकडे सोपवायची जुनी वाटही बंद केली. तिथे कार्डाचा मोठा आधार सुटला. आज मध्यम किमतीच्या मदरबोर्डवर रिअलटेकची एएलसी 1220 सारखी चिप असते आणि तिचा आवाज आतल्या गोंगाटापेक्षा 120 डेसिबल वर, असं कंपनी सांगते. सीडीची 16 बिटची (बिट म्हणजे आवाज किती बारकाईने मोजला त्याचं माप) मर्यादाच 96 डेसिबल आहे. बोर्डावर बसवल्यावर यातलं थोडं कमी होतं, पण गाणी, सिनेमा, शाळेचे ऑनलाइन वर्ग यांना ते पुरून उरतं.

खोट कुठे आहे हे न शोधता पैसे घालणे

ही सगळ्यांत महाग चूक. शोधायला फार काही लागत नाही.

हेडफोन पुढच्या जॅकमधून काढून मागच्या हिरव्या जॅकमध्ये घाला. मागे आवाज स्वच्छ आला तर दोष पुढच्या पॅनेलच्या वायरीचा आहे. ती बारीक वायर ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरून जाते आणि वाटेतली सगळी चुरचुर गोळा करते. माउस हलवला की किर्र, गेम उघडला की किर्र वाढते, ही तिची खूण. हेडफोन मागे लावा, काम झालं. लांबी कमी पडत असेल तर एक चांगली एक्स्टेंशन वायर घ्या.

मागेही तीच घुरघुर असेल तर एखादा लॅपटॉप आणा, चार्जर काढा आणि नुसत्या बॅटरीवर तोच स्पीकर किंवा टेप त्याला जोडून बघा. घुरघुर गेली तर दोष विजेच्या बाजूचा, तुमच्या कार्डाचा नाही. राहिली तर स्पीकर, टेप किंवा वायर यांपैकी एक.

पिन जॅकमध्ये फिरवली की खर्र करून एका कानाचा आवाज येतो-जातो? तो जॅकचा गंज. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीसुद्धा ओल धरतात, खानापूरच्या बाजूला तर विचारायलाच नको, तिथे जॅकच्या आतली पत्री किती टिकणार? कॉम्प्युटर बंद करून पिनेला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, सुकू द्या. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं.

आणि वीज गेल्यावरच घुरघुर येत असेल तर इन्व्हर्टर बघा. जुने स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहरीची वीज देतात, ज्याला दुकानात स्क्वेअर वेव्ह म्हणतात. ती पंख्यातही गुणगुणते आणि स्पीकरमध्येही. रेकॉर्डिंग करायचं तर साइन वेव्हचा इन्व्हर्टर हवा, नाहीतर वीज येईपर्यंत थांबावं.

अर्थिंगकडे दुर्लक्ष, आणि तिसरा पाय तोडणे

अण्णांच्या घरात काय चाललं होतं ते नीट सांगतो, कारण जुन्या घरांमध्ये हेच सगळीकडे आहे. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला कचरा गाळायला बारीक कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल, दोन्हींकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असलं की त्यातून झिरपणारी वीज जमिनीत जाते. नसलं की पत्र्यावर 230 च्या निम्मा, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपासचा दाब बसून राहतो. करंट अगदी बारीक असतो, म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण टेपची वायर त्याच पत्र्याशी जोडलेली असते आणि तिच्या वाटेने ती घुरघुर थेट रेकॉर्डिंगमध्ये उतरते. आजूबाजूला मागाच्या मोटरी चालू असल्या तर भरीला त्याही.

वायरमनने दुसऱ्या दिवशी मीटरपासून माडीपर्यंत अर्थची हिरवी तार ओढली, बोर्ड बदलला. टेस्टर विझला. रेकॉर्डिंगमध्ये उरली ती फक्त टेपची स्वतःची सळसळ.

याच्या उलट प्रकारही असतो. कॉम्प्युटर एका बोर्डावर, अॅम्प्लिफायर दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावर, दोन्हींना अर्थिंग, आणि मधून आवाजाची वायर. अर्थिंगच्या दोन वाटांचं एक वर्तुळ तयार होतं आणि त्यात 50 हर्ट्झची हम्म घुमते. अशा वेळी काही जण अॅम्प्लिफायरच्या पिनेचा तिसरा पाय काढून टाकतात. हम्म जाते खरी, पण आत कुठे फेज पत्र्याला टेकली तर ते यंत्र हात लावणाऱ्याचा जीव घेईल. हे कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून करू नका. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर घ्या. तेवढ्याने गेली नाही तर मधे ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे हे वर्तुळ तोडणारी छोटी डबी, लावा, किंवा दोन्हीकडे सोय असेल तर ऑप्टिकल केबल वापरा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जातच नाही, त्यामुळे वर्तुळ तुटतं.

चुकीच्या भोकात वायर घालणे

कॅसेट कॉम्प्युटरवर घेणारे दहापैकी निम्मे लोक टेपची वायर गुलाबी जॅकमध्ये घालतात. गुलाबी म्हणजे माइक. माइकचा आवाज फार बारीक असतो म्हणून तिथे तो खूप वाढवून घेतला जातो. टेपचा भरदार आवाज तिथे घातला की तो फाटतो. टेपसाठी निळा जॅक, म्हणजे लाइन इन.

लॅपटॉपला निळा जॅक नसतो. मग लोक दोन-तीनशे रुपयांचा यूएसबी साउंड अॅडॉप्टर आणतात. ऐकण्यासाठी तो चालतो, मदरबोर्डचा आवाज जळाला असेल तर वेळही निभावतो. पण त्याचा माइकचा जॅक बहुधा एकाच चॅनेलचा असतो. स्टिरिओ कॅसेट त्यातून घेतली की तबला-पेटीची डावी-उजवी बाजू कायमची गेली. घेताना स्टिरिओ लाइन इन आहे ना, हे विचारूनच घ्या.

मोबाइलच्या हेडफोनचंही असंच. त्याच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, कारण माइकही त्याच पिनेत आहे. डेस्कटॉपच्या वेगवेगळ्या हिरव्या-गुलाबी जॅकना त्याचा माइक कळत नाही. साठ-सत्तर रुपयांचा स्प्लिटर लावला की तोच माइक चालतो. त्यासाठी कार्ड घ्यायला निघालेला एक कॉलेजचा मुलगा मी दुकानाच्या दारातून परत आणला होता.

आणि ब्लूटूथ किंवा यूएसबी हेडफोन वापरत असाल तर साउंड कार्डाचा तुम्हाला काडीचाही उपयोग नाही. त्या हेडफोनच्या आतच स्वतःची चिप असते, आवाज कार्डातून जातच नाही.

सेटिंग न बघणे

थोडक्यात सांगतो. आवाज अचानक गेला तर विंडोजने एचडीएमआयच्या मॉनिटरला आवाज वळवलाय का बघा. कॉल आला की गाण्याचा आवाज पडतो, तो बिघाड नाही. साउंडच्या जुन्या खिडकीत कम्युनिकेशन्स या पानावर इतर आवाज 80 टक्के कमी करण्याची खूण आधीपासूनच असते. ती काढून डू नथिंग ठेवा. माइकमध्ये समुद्रासारखी सळसळ असेल तर माइक बूस्ट 30 डेसिबलवर गेलाय का बघा. तो 10 वर आणा आणि माइक तोंडापासून वीतभर अंतरावर धरा. रेकॉर्डिंग करताना एन्हान्समेंट्स, म्हणजे विंडोज आवाजावर स्वतःहून करतं त्या सुधारणा, सगळ्या बंद.

कॅसेटला 24 बिट, 192 किलोहर्ट्झ

यावर मला जरा सविस्तर लिहायचंय. आपल्या भागात गाणं ऐकणारी घरं फार. कुमार गंधर्वांचा जन्म 1924 सालचा, इथल्याच सुळेभावीचा. घरगुती बैठकी, हरिपाठ, आजीच्या ओव्या असं काय काय लोकांच्या ट्रंकेत पडून आहे आणि दर पावसाळ्यात त्यावर बुरशी चढतेय. ते वाचवायला निघालेला माणूस 24 बिट, 192 किलोहर्ट्झचं (किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती हजार वेळा आवाज मोजला ते) महागडं कार्ड शोधत बसतो आणि कॅसेट तशाच राहतात.

साध्या कॅसेटची स्वतःची धाव, म्हणजे तिच्या सळसळीपासून सर्वांत मोठ्या आवाजापर्यंतचं अंतर, 50 ते 55 डेसिबल. स्वस्तातल्या मदरबोर्डवरच्या चिपची रेकॉर्डिंगची बाजू कागदावर 90 च्या आसपास असते, प्रत्यक्षात थोडी कमी धरली तरी कॅसेटपेक्षा कितीतरी वर. म्हणजे कमजोर दुवा टेपच आहे. तेव्हा पैसे आणि वेळ टेपवर घाला. हेडवर तपकिरी मळ बसलेला असतो, तो कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल लावून पुसा. रबरी रोलरही पुसा. मग हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू बघा. कॅसेट ज्या टेपवर भरली त्याचं हेड आणि तुमचं हेड यांचा कोन जुळला नाही तर आवाज पांघरुणातून आल्यासारखा येतो. कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू अगदी हळू, पाव फेऱ्यापेक्षाही कमी फिरवा आणि टाळांकडे कान ठेवा. टाळ झळकले की तिथेच थांबा. अण्णांच्या वडिलांचा आवाज असा खुलला तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत, नुसते खुर्ची पुढे ओढून बसले.

भरताना 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ पुरे. सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. डब्ल्यूएव्हीत, म्हणजे आवाज न दाबता ठेवणाऱ्या फाइलीत, मिनिटाला दहा-साडेदहा एमबी, म्हणजे तासाची कॅसेट सव्वासहाशे-साडेसहाशे एमबीत बसते. रेकॉर्डिंगचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मूळ फाइल तशीच ठेवा, एमपी3 नंतर त्यावरून करा.

मग वेगळं काही घ्यायचंच नाही का?

घ्यायचं, पण कारण असेल तर. गाणं थेट भरायचं असेल, कंडेन्सर माइक (स्टुडिओत वापरतात तसा नाजूक माइक) असेल, तर त्याला 48 व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरीतूनच दिलेली वीज, लागते आणि ती मदरबोर्ड देत नाही. बाजारात मिळणारे स्वस्त कंडेन्सर माइक साध्या वायरीने गुलाबी जॅकला लावून लोक निराश होतात ते यामुळेच. तिथे दोन चॅनेलचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक जोडायची बाहेरची पेटी, घ्या, फोकसराइट किंवा बेहरिंगर कंपनीचा. त्याच्या एएसआयओ ड्रायव्हरवर (कमी उशिराने आवाज नेणारं सॉफ्टवेअर) 128 सॅम्पलचा बफर, म्हणजे एका वेळी साठवायचा आवाजाचा तुकडा, ठेवला तर 44.1 किलोहर्ट्झला त्या बफरचा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत असतो. एकूण उशीर त्याहून थोडा जास्त, पण गाणाऱ्याला स्वतःचा आवाज मागून येतोय असं वाटत नाही. दुसरं कारण, 250 ओहमसारखे, म्हणजे चालवायला जास्त जोर लागणारे हेडफोन. मदरबोर्ड त्यांना पुरेसा जोर देईलच असं नाही, त्यांना बाहेरचा अॅम्प हवा.

कॅबिनेटच्या आत बसणारं कार्ड मी आता क्वचितच सुचवतो. छोट्या मदरबोर्डवर त्याची जागा ग्राफिक्स कार्डाखाली झाकली जाते, बसलं तरी आतल्या गोंगाटातच बसतं, आणि जुन्या पीसीआय पद्धतीच्या खाचेत बसणारं कार्ड असेल तर नव्या बोर्डावर तो स्लॉटच नाही. जुने 5.1 (पाच स्पीकर आणि एक वूफर) स्पीकर आहेत आणि मदरबोर्डला तेवढे जॅक नाहीत, अशा ठिकाणी मात्र ते अजून कामाचं आहे.

अण्णांच्या अकरा कॅसेट अजून बाकी आहेत. एकीची टेप मधेच तुटलीय. ती जोडायला येत्या रविवारी जायचंय, येताना बारीक कात्री आण म्हणून त्यांनी दोनदा फोन केलाय.