सोप संदेश मधल्या गेटवेमार्गे पाठवताना

सातपूरच्या कारखान्याची ऑर्डर सोपमधून (संगणक प्रणालींनी एकमेकींना एक्सएमएलमध्ये संदेश पाठवायची पद्धत) अंबडच्या पुरवठादाराकडे गेटवेमार्गे, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्गे, जाणार असेल, तर दोन पत्ते वेगळे ठेवा. एचटीटीपी कनेक्शन गेटवेला. डब्ल्यूएस-अ‍ॅड्रेसिंग या, संदेशातच पत्ते लिहायच्या मानकाच्या 'टू' हेडरमध्ये (हेडर म्हणजे मुख्य मजकुराआधीची नोंद) मात्र अंतिम सेवेचा, म्हणजे पुरवठादाराचा, पत्ता.

सोप १.२ मध्ये गेटवेसाठीच्या हेडरला 'नेक्स्ट' हा रोल (हेडर कोणासाठी आहे ते सांगणारी खूण) द्या. रोल दिलाच नाही, तर ते हेडर अंतिम सेवेसाठीचं मानलं जातं. गेटवेला उद्देशून असलेलं हेडर त्याने वापरलं नाही तरी गाळलं जातं. पुढे जायला हवं असेल तर 'रिले' ट्रू करा. 'मस्टअंडरस्टँड' ('हे हेडर समजलंच पाहिजे' ही खूण) जपून वापरा: हेडर कळलं नाही की गेटवे फॉल्ट (एरर संदेश) देतो, ऑर्डर तिथेच अडते.

सगळ्यात जास्त डोकं खाते ती डिजिटल सही. गेटवेने एक्सएमएल 'नीटनेटकं' करताना सही केलेल्या बॉडीत (मुख्य मजकुरात) एक स्पेस जरी वाढवली, तरी डायजेस्ट (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळत नाही आणि लोक उगाच सर्टिफिकेट तपासत बसतात. फॉरमॅटिंग बंद करा.

गेटवे सेवेसाठी ३० सेकंद थांबत असेल, तर कारखान्याचा टाइमआउट ४५ ठेवा. उलट झालं तर पोचलेली ऑर्डरही फेल दिसते आणि पुन्हा पाठवली जाते. पुन्हा पाठवताना मेसेज-आयडी तोच ठेवा, म्हणजे पुरवठादाराकडे दुसरी प्रत ओळखून टाकून देता येते.