तुटवडा पडला तर गल्लीत, बिल्डिंगमध्ये वाटून खायची व्यवस्था कशी लावायची

उद्या दुकानं बंद झाली, रस्ते बंद झाले, तर शेजारी आपल्याला देतील का आणि आपण देऊ का, हा प्रश्न लॉकडाऊननंतर बऱ्याच जणांच्या मनात राहून गेलाय. माझं उत्तर आहे की हो, लोक देतात. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा रस्त्यात अडकलेल्या अनोळखी माणसांना लोकांनी घरात घेतलं, चहा बिस्किटं दिली, खिचडी टाकली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली कोल्हापूरला महापूर आला तर आख्ख्या महाराष्ट्रातून भाकऱ्या आल्या. पण हे सगळं थोड्या दिवसांचं संकट होतं हे लक्षात घ्या. महिनोन् महिने चाललेल्या टंचाईत चित्र बदलतं. रेमंड फर्थ नावाचे मानववंशशास्त्रज्ञ १९५२ मध्ये प्रशांत महासागरातल्या टिकोपिया बेटावर होते, तिथं चक्रीवादळानं पिकं गेली आणि दुष्काळ पडला, आणि त्यांनी पाहिलं की दिवस जातील तसं वाटप आक्रसत गेलं, आधी लांबचे नातेवाईक सुटले, शेवटी ज्याचं त्याचं घर उरलं, शेतातून चोऱ्या वाढल्या, पण घराच्या आत मात्र लोक वाटूनच खात राहिले. म्हणजे माणूस वाईट होतो असं नाही हो, उद्या आपल्या पोराला काय घालू ही भीती मोठी होते.

म्हणून व्यवस्था पहिल्या आठवड्यातच लावायची, लोकांच्या मनात माया असते आणि डब्यात धान्य असतं तेव्हाच. तिसऱ्या महिन्यात मीटिंग बोलावली तर कोणी तोंड उघडत नाही.

सगळ्यात आधी यादी करा. पण यादी करताना "तुमच्याकडे साठा किती आहे" हे कोणालाच विचारू नका, खरं कोणी सांगणार नाही आणि का सांगावं. फक्त तीन गोष्टी विचारा, घरात माणसं किती, कोणी आजारी किंवा तान्हं किंवा गरोदर आहे का, आणि कमाई बंद झालीय का. रोजंदारीवाले, रिक्षावाले, धुणंभांडी करणाऱ्या ताई, एकटे राहणारे म्हातारे, भाड्यानं राहणारी कॉलेजची मुलं, बिल्डिंगचा वॉचमन आणि त्याचं कुटुंब, ही नावं आधी लिहा, कारण ही माणसं स्वतःहून मागायला येत नाहीत. वॉचमनचं नाव तर सोसायटीच्या यादीत कायम राहून जातं, तो इथं राहतो हेच कोणाच्या डोक्यात नसतं. रेशनकार्ड आहे का आणि कुठलं आहे तेही टिपा. शुगरवाल्यांची वेगळी खूण करा, त्यांना वेळेवर खायला मिळणं महत्त्वाचं, उपास पडला की गोळ्यांनी साखर खाली जाऊन चक्कर येते.

मग मूठ सुरू करा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगमधल्या पोरांसाठी मुष्टिफंड चालवला होता, घरोघरच्या बायका दळायला बसताना एक मूठ धान्य बाजूला काढायच्या आणि ते गोळा व्हायचं. यापेक्षा सोपी आणि कोणाला न जाचणारी पद्धत मला तरी माहीत नाही. रोज स्वयंपाकाला तांदूळ किंवा पीठ घेताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची, आठवड्याला डबा जमा करायचा. साधा हिशोब करून बघा, मूठ साधारण ५० ग्रॅमची धरली आणि ४० घरं असली तर दिवसाला २ किलो, महिन्याला ६० किलो. मोठ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम धान्य धरलं तर महिन्याला १२ किलो लागतं. पण रेशनवर अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी ५ किलो मिळतं, म्हणजे दिवसाला जेमतेम १६५ ग्रॅम, तेव्हा वरचे ७ किलो आपण द्यायचे. ६० किलोत अशी आठ माणसं महिनाभर पोटभर जेवतात! चाळीस घरांतून कोणाला एक पोळी कमी पडली नाही आणि आठ जणांची सोय झाली.

नुसत्या धान्यावर मात्र माणूस टिकत नाही. आपत्तीत मदत करणाऱ्या संस्था माणशी दिवसाला २१०० कॅलरी धरून चालतात, ४०० ग्रॅम धान्यातून त्यातल्या १४०० च्या आसपास येतात, बाकीचं डाळ, तेल, शेंगदाणे, गूळ यातून यायला हवं. म्हणून ज्यांना जमतंय त्यांच्याकडून मूठभर तांदळाऐवजी डाळ आणि तेल मागा. तेल सगळ्यात आधी संपतं आणि मागायची लाज पण सगळ्यात जास्त तेलाचीच वाटते. मीठ, मिरची पूड, हळद, साबण आणि बायकांचे पॅड यादीत राहून जातात ते आठवणीनं घाला.

एकटी म्हातारी माणसं आणि मुलं यांना कोरडा शिधा देऊन उपयोग नाही, रांधणार कोण. त्यांच्यासाठी वार लावा. पूर्वी पुण्यात शिकायला आलेली गरीब मुलं वारावर जेवायची, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, तसंच. एका माणसासाठी सात घरं धरायची, प्रत्येकाला आठवड्यातून एकच दिवस एक ताट जास्त. कोणावर भार येत नाही, आणि रोज वेगळं कोणीतरी दार वाजवतं त्यामुळे आजोबांची तब्येत कशी आहे हे पण कळत राहतं. पूर्वीच्या वारात एक मोठी खोट होती, ते जातीतल्या जातीत चालायचं. ती खोट आपण ठेवायची नाही.

हे मी जरा ठामपणे लिहितेय कारण वाटपाच्या वेळी आडनावं विचारली जातात हे खरं आहे, "स्वयंपाक कोणी केलाय" असं हळूच विचारलं जातं हे पण खरं आहे. जोतिबा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या वाड्यातला हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला पोरक्या मुलांसाठी बालाश्रम काढला, सावित्रीबाई त्या काळात जुन्नर भागात ओतूरला राहून सत्यशोधक समाजाच्या मदतकार्यात होत्या, तिथून त्यांनी जोतिबांना दुष्काळाचं पत्र लिहिलंय. दीडशे वर्षांनी आपण वाढायच्या पळीवर कोणाचा हात आहे हे बघत बसायचं का. नियम असा करा की सामायिक स्वयंपाक असेल तर रांधणारे आणि वाढणारे रोज बदलतील, यादीत नाव ज्या नंबरला असेल तसे. पदार्थ मात्र सगळ्यांना चालेल असाच ठेवा, साधं वरणभात, खिचडी, पिठलं भाकरी. कोणी कांदा लसूण खात नसेल तर एक पातेलं फोडणीआधी बाजूला काढायचं, एवढं जमतं. पण कोणाच्या हातचं खाणार नाही असं कोणी म्हटलं तर त्याला कोरडा शिधा घेऊन घरी रांधायला सांगा, त्याच्यासाठी माणसं बदलू नका.

शिजवलेलं की कोरडं, हा घोळ दर वेळी होतो. पूर आलाय, गॅस नाही, घरात पाणी आहे, तर शिजवलेलं किंवा तयार खाणंच पाहिजे, पण ते जवळच शिजलं पाहिजे. दहा तास टेम्पोत बांधून आलेल्या पोळ्या आणि भाजीच्या पिशव्या आंबून जातात, मग ज्यांनी रात्र जागून लाटल्या त्यांचे कष्ट वाया. लांबून पाठवायचं असेल तर चिवडा, चुरमुरे, फरसाण, गुळपापडीच्या वड्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, कडक भाकरी, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, लहान मुलांसाठी दुधाची पावडर आणि प्यायचं पाणी. दूध पावडर देताना उकळलेल्या पाण्याची सोय आहे का ते आधी बघा, नाहीतर देऊच नका, पोरं आजारी पडतात. जवळ शिजवत असाल तर चुलीवरून उतरल्यापासून दोन तासात वाढून झालं पाहिजे, आणि भात उरला तर तो संध्याकाळी फोडणी घालून कोणाला देऊ नका. शिजलेला भात तसाच गरमीत राहिला की त्यात जे विष तयार होतं ते परत गरम करून पण जात नाही. आणि पूर नसेल, नुसती टंचाई किंवा बंद असेल, घरात गॅस असेल, तर कोरडा शिधाच द्या. माणसाला आपल्या घरात आपल्या चवीचं रांधून खाऊ द्या.

आता देण्याघेण्यातल्या मानाबद्दल. फोटो काढू नका. एक पिशवी आणि सहा जणांचे हात त्या पिशवीला लावलेले, असले फोटो बघून दुसऱ्या दिवसापासून गरजू माणूस येत नाही, त्याची पोरं शाळेत बाकीच्यांना तोंड दाखवणार असतात. पिशव्या सगळ्यांच्या सारख्या ठेवा, शक्यतो रात्री दारात ठेवून फोन करा. आणि जो घेतोय त्याला काहीतरी करायला मिळालंच पाहिजे, गोण्या उचलणं, निवडणं, म्हाताऱ्यांची औषधं आणणं, काहीही. १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडायला गेले, बंडिंगच्या म्हणजे बांध घालायच्या, तलावाच्या कामावर गेले, तिथं मिळणारी सुकडी म्हणजे पिठाचं कोरडं खाणं खाल्लं, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली, पण ती माणसं आजही ताठ मानेनं सांगतात की आम्ही काम करून खाल्लं. रोजगार हमीची मुळं त्याच दिवसांत आहेत. सुकडीच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत त्यांना हे मी वेगळं सांगायला नको.

ज्याला फुकट घ्यायला अवघड वाटतं त्याला उसनं द्या. उसनं मागणं आपल्याकडे कधीच कमीपणाचं नव्हतं, वाटीभर साखर, मापटंभर पीठ, सपाट भरून नेलं तर सपाट भरून आणायचं. देणाऱ्याचा पण हात उसन्याला लवकर सैल होतो. परत आलं नाही तर तगादा लावायचा नाही हे वाटप बघणाऱ्यांनी आपसात आधीच ठरवून ठेवा, पण ते जाहीर करू नका.

हिशोब हा मात्र जाहीर पाहिजे. वाटप बंद पडतं ते धान्य संपल्यामुळे कमी आणि संशयामुळे जास्त. जमा धान्य ठेवायला एक खोली ठरवा, तिची चावी दोघांकडे, दोघं वेगवेगळ्या मजल्यावरचे किंवा वेगवेगळ्या गटातले, आत जाताना दोघं मिळून. जमा किती किलो, गेलं किती किलो, शिल्लक किती, हे तीन आकडे रोज जिन्याजवळ फळ्यावर आणि ग्रुपवर. कोणाला दिलं त्यांची नावं फळ्यावर नाहीत, ती वही दोघांकडेच. आणि वजनकाटा आणा, अंदाजानं दिलं की "त्यांना जास्त दिलं" सुरू होतं.

साठेबाजाचं काय करायचं हे सगळे विचारतात, अमक्यानं चार गोण्या भरून ठेवल्यात वगैरे. ग्रुपवर त्याचं नाव घेऊ नका, एकदा अपमान झाला की तो माणूस कायमचा गेला. बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो, घरात कोणीतरी जुनी टंचाई भोगलेलं असतं. ज्याचं तो ऐकतो अशा एकाच माणसाला पाठवा आणि दान मागायचं नाही, "महिनाभरासाठी एक गोणी सोसायटीला उसनी द्या, फळ्यावर तुमच्या नावानं जमा दाखवतो" असं म्हणायचं. बाकीचे देतायत हे डोळ्यांना दिसलं की माणूस देतो, आणि कोणीच देत नाही असं वाटलं की सगळ्यात उदार माणूस पण डबा झाकतो, म्हणून तर तो फळा. चढ्या भावानं विकत असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथं तहसीलच्या पुरवठा शाखेत सरळ तक्रार करा.

स्वतःच्या घराचं पण आधीच ठरवा. दहा दिवसांचं घरचं बाजूला काढून ठेवा, त्याला हात लावायचा नाही, त्याच्या वरचं जे आहे त्यातून मूठ. हे ठरवलेलं नसलं की घरात भांडणं होतात, सासूबाई एक म्हणतात नवरा दुसरं. ठरलेलं असलं की मन मोकळं करून देता येतं. लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणारी बाई यांच्या ताटातलं काढून देऊ नका, आणि आपल्या घरात बाईच शेवटी आणि उरलेलं खाते ही सवय टंचाईत तर अजिबात नको, सगळ्यांची ताटं एकदम वाढा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असू द्या, गल्ली सरकारच्या जागी उभी राहू शकत नाही. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून दाखवलं की लोक मेले ते फक्त धान्य नव्हतं म्हणून नाही, ते विकत घ्यायची ऐपत गेली म्हणून. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पण सरकारच्या अन्न महामंडळाची गोदामं भरलेली होती आणि माणसं उपाशी चालत गावाला निघाली होती. म्हणून मूठ गोळा करणाऱ्या टीममधली दोन माणसं फक्त कागदांसाठी ठेवा. कोणाचं कार्ड नाही, कोणाचं नाव कार्डातून उडालंय, कोणाचा अंगठा मशीनवर लागत नाही, कोणाचं कार्ड गावचं आहे, हे सगळं लिहून एकत्र अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत द्या आणि पोच घ्या. गावचं कार्ड असलं तरी 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे इथल्या दुकानात धान्य मिळतं, दुकानदार नाही म्हणाला तर १९६७ ला फोन करा. जवळ राज्य सरकारचं स्वस्त थाळीचं शिवभोजन केंद्र चालू असेल तर तो पत्ता फळ्यावर लिहा, दोन चपात्या, भाजी, भात, वरण मिळतं, लॉकडाऊनमध्ये ते ५ रुपयात होतं.

आणि संकट सरल्यावर खोलीत धान्य उरलं तर ते पडून राहू देऊ नका, पावसाळ्यात पोरकिडे होतात. आधी ज्यांची उसनी गोणी आहे ती परत, मग यादीतली जी घरं अजून कामाला लागली नाहीत त्यांना, त्यानंतर जवळच्या वसतिगृहाला किंवा आश्रमशाळेला, आणि जे कुठं गेलं ते शेवटच्या दिवशी फळ्यावर लिहा. यादीची वही फाडू नका, वर्षातून एकदा काढून कोण नवीन राहायला आलंय, कोण सोडून गेलंय, कोणाची आई आता एकटी आहे, एवढं दुरुस्त करून ठेवा.