मुलांना मिळून काम करायला कसं शिकवावं? सुरुवात दिवाळीच्या किल्ल्यापासून

"मिळून राहा, भांडू नका" असं मुलांना कितीही सांगा, या कानातून त्या कानातून जातं. एकट्याला उरकणार नाही असं काम चौघांच्या हाती द्या. साताऱ्यात त्यासाठी दिवाळीच्या किल्ल्याइतकं चांगलं काम मला तरी दिसत नाही.

१. कोणता किल्ला, ते मुलांनाच ठरवू द्या. अजिंक्यतारा रोज डोळ्यांसमोर असला तरी एखादा प्रतापगडावर अडून बसेलच. प्रत्येकाने आपलं म्हणणं मांडावं आणि मग हात वर करून निकाल लावावा.

२. कामं अशी वाटा की एकाचं दुसऱ्यावाचून अडेल. दगड-विटा रचणारा एक, त्यावर भिजवलेलं गोणपाट पसरणारा दुसरा, चाळलेल्या मातीचा चिखल लिंपणारा तिसरा. खालचा दगड डुगडुगला की वरचा चिखल घसरतो. मग लिंपणाऱ्याला रचणाऱ्याकडे जावंच लागतं, "इथे अजून एक दगड लाव ना!" हे बोलणं तुम्ही मध्ये पडून तोडू नका. बुरूज वाकडा झाला तरी हात लावू नका.

धाकट्याला नुसते मावळे मांडायला देऊ नका. किल्ला आठवडाभर आधी उभा करून त्यावर अळीव पेरा आणि रोज पाणी शिंपडायचं काम त्याच्याकडे द्या. त्याने पाणी दिलं तरच किल्ला हिरवा होणार, हे मोठ्यांनाही कळतं.

३. दिवाळीनंतर हीच वाटणी घरात आणा. ताटं घेणं, पाणी भरणं, केर काढणं आठवड्याला बदलत राहू द्या. मुलींकडे भांडी आणि मुलांकडे बाजार, ही वाटणी अजिबात नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथे वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहून स्वयंपाकही स्वतः करत. आपल्याच गावातली ही गोष्ट मुलांना जरूर सांगा.

४. शाळेत खो-खो खेळवा. पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही, बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही. कितीही चपळ असला तरी वेळेवर खो दिल्याशिवाय त्याचं चालत नाही. खेळ संपल्यावर "गडी कोणी बाद केला?" याच्या आधी "खो कोणी दिला?" हे विचारा.

५. वर्गातल्या गटप्रकल्पात एक हुशार मूल सगळं करतं, बाकीचे नाव लावतात. शिक्षकांनी आधीच सांगून ठेवावं, की प्रकल्प समजावून सांगायला गटातल्या कोणालाही उठवू. मग मुलं एकमेकांना शिकवायला बसतात.

भांडणं होणारच. तेव्हा लगेच निवाडा करू नका. प्रत्येकाला आधी समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या तोंडाने सांगायला लावा, आणि "हो, मला हेच म्हणायचंय" असं समोरचा म्हणेपर्यंत आपली बाजू मांडू देऊ नका.