लिस्बनला पोर्तुगीज शिकायला येण्याआधी आणि आल्यावर

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडातून पोर्तुगीज भाषा आणि संस्कृती शिकायला इथे येणारी मुलं सुरुवातीला भाषेपेक्षा स्वतःच्या नावाला जास्त अडखळतात. म्हणून आधी नावाचं बघू.

मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव असा क्रम असतो. पोर्तुगालमध्ये माणसाला सहसा दोन आडनावं असतात, आधी आईकडचं आणि मग वडिलांकडचं. यादीत माणूस शोधायचा तो शेवटच्या शब्दावरून. त्यामुळे ‘परब स्नेहल दत्ताराम वैशाली’ अशी गुणपत्रिका दिली की कारकून ती ‘वैशाली’ आडनावाखाली ठेवून मोकळा होतो. पासपोर्टवर मात्र ‘परब’, म्हणजे एकाच मुलीच्या दोन फाइली. प्रवेशअर्जात, बँकेत, सगळीकडे नाव पासपोर्टवर आहे त्याच क्रमाने लिहा. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं इंग्रजी प्रतिज्ञापत्र करा आणि तेही अपोस्टिल करून आणा.

अपोस्टिल म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा कागदावर चिकटवलेला शिक्का. पदवीचा कागद आधी राज्य पातळीवर पडताळून घ्यावा लागतो, मग तो दिल्लीच्या शिक्क्याला जातो. इथे कोकणातली एक सवय आडवी येते. पावसात ओल लागू नये म्हणून आपल्याकडे प्रमाणपत्रं लॅमिनेट करून ठेवतात. प्लास्टिकवर शिक्का चालत नाही. मग विद्यापीठाकडून दुसरी प्रत काढण्यात महिने जातात. कपाट आजच उघडून बघा. पदवी, गुणपत्रिका आणि पोलीस पडताळणीचा दाखला शिमग्यापर्यंत तयार हवा. वर्ग सप्टेंबरात सुरू होतात आणि व्हिसाला दोन महिने धरावेच लागतात. (हो, गणपती बहुधा हुकणार. घरी आत्ताच सांगून ठेवा.)

भाषेची सुरुवात इकडे येऊन करू नका. सावंतवाडी-बांद्याकडच्यांना पणजी हाकेच्या अंतरावर आहे. तिथे कामोंइश या पोर्तुगीज सरकारच्या भाषा-संस्थेचं केंद्र आहे, गोवा विद्यापीठातही पोर्तुगीज शिकवतात. मोबाइलवरची बहुतेक ॲप ब्राझीलची पोर्तुगीज शिकवतात, ती इथे कळते पण कानाला परकी लागते. बसला ब्राझीलमध्ये ‘ओनिबुस’ म्हणतात, इथे ‘आउतोकार्रु’. ट्रेन तिकडे ‘त्रेंय’, इथे ‘कोंबोयु’. आणि विद्यापीठाची फी इथे ‘प्रोपीना’, जो शब्द ब्राझीलमध्ये लाचेला वापरतात. प्रवेशपत्रावर तो वाचून दचकू नका.

उच्चारात कोकणचा माणूस पुढे असतो. ‘खंय’, ‘थंय’ म्हणणाऱ्या जिभेला नाकातले स्वर शिकवावे लागत नाहीत. अडचण उलट बाजूने येते: लिस्बनचे लोक स्वर गिळतात. ‘तेलेफोन’ ऐकू येतो ‘त्लफोन’, आणि शब्दाच्या शेवटचा ‘स’ होतो ‘श’. म्हणून पहिले तीन महिने वाचनापेक्षा ऐकण्याला जास्त वेळ द्या. रोज अर्धा तास सरकारी रेडिओच्या बातम्या ऐका, समजो न समजो.

ओळखीचे शब्द मात्र फसवतात. चावी, बालदी, पाव, बटाटा, काजू, घमेलं हे सगळे तिकडूनच आपल्याकडे आले, पण अर्थ वाटेत हलले. ‘पागार’ हे इथे क्रियापद आहे, पैसे देणे; आपल्या पगाराला ‘सलारिउ’ म्हणतात. ‘पेरा’ मागितलात तर नाशपती हातात येईल, पेरूला ‘गोयाबा’ म्हणायचं. ‘कोव्ह’ मागितलीत तर पालेभाजी मिळेल, आपला गोल कोबी म्हणजे ‘रपोल्यु’. आणि दारावर ‘पुश’ ऐकू येईल असं जे लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ‘ओढा’. पहिला आठवडा सगळेच दाराशी झटापट करतात.

लिंगाची चूक सर्वांत चिवट. मराठीत तीन लिंगं, इथे दोनच, आणि आपण नकळत मराठी लिंग लावतो. पूल आपला पुल्लिंगी, इथला ‘पोंत’ स्त्रीलिंगी. प्रवास पुल्लिंगी, ‘व्हियाजेंय’ स्त्रीलिंगी. झाड नपुंसक, ‘आर्व्हर’ स्त्रीलिंगी. दूध नपुंसक, ‘लेयत’ पुल्लिंगी. ‘प्रोब्लेमा’ आणि ‘दीया’ आकारान्त असूनही पुल्लिंगी. शब्द सुटा पाठ करू नका, ‘उ’ किंवा ‘आ’ हे उपपद जोडूनच पाठ करा. ‘असणे’ला इथे दोन क्रियापदं आहेत: ‘सेर’ स्वभावाचं, ‘श्तार’ तात्पुरत्या स्थितीचं. भूतकाळात मात्र ‘तो जात असे’ आणि ‘तो गेला’ हा भेद आपल्याला आधीच येतो. इंग्रजी माध्यमातली मुलं इथेच घसरतात, कारण ती इंग्रजीतून विचार करतात. मराठीतून करा.

संबोधनाचंही तेच. ‘तु’ म्हणजे आपला ‘तू’. ‘व्होसे’ पुस्तकात आदरार्थी दिलेलं असतं, पण इथे ते अनेकांना उर्मट वाटतं. प्राध्यापकांशी तृतीयपुरुषात बोलायचं: ‘प्रोफेसोर येणार आहेत का?’ आपण ‘सर येणार का?’ असं थेट सरांनाच विचारतो, तसंच.

लिस्बन विद्यापीठाच्या साहित्य विद्याशाखेत परदेशी विद्यार्थ्यांसाठी पोर्तुगीजचे वेगळे वर्ग आहेत, पदवीला आशियाई अभ्यासही आहे. कोइंब्राचं विद्यापीठ १२९० सालचं. गाव लहान, गर्दी कमी. पदवी ३ वर्षांची आणि १८० श्रेयांकांची; एका श्रेयांकामागे २५ ते २८ तासांचं काम धरलेलं असतं, त्यात घरचं वाचनही आलं. गुण २०पैकी. १० ला उत्तीर्ण, १४ चांगले, १७-१८ क्वचितच. १४ म्हणजे सत्तर टक्के असं घरी सांगून कोणाला निराश करू नका. नापास झालात तर ‘रेकुर्सु’च्या परीक्षेत पुन्हा बसता येतं, पण बऱ्याच ठिकाणी त्यासाठी मुदतीत नाव नोंदवावं लागतं आणि ती मुदत थोड्याच दिवसांची असते.

राहण्याचा व्हिसा चार महिन्यांचा मिळतो. त्या अवधीत ‘आइमा’ या स्थलांतर कार्यालयातून राहण्याचं कार्ड काढायचं असतं. हे कार्यालय २०२३मध्ये जुन्या विभागाच्या जागी आलं आणि तिथे गर्दी भरपूर. तुमच्या प्रत्येक अर्जाची पोच छापून ठेवा. त्याआधी ‘निफ’ हा कर-क्रमांक काढा, त्याशिवाय बँक खातं किंवा भाडेकरार होत नाही. खोली घेताना करार करनोंदणीत चढवणार का, हे घरमालकाला पहिल्याच भेटीत विचारा. ‘स्वस्त देतो, कागद नको’ असं म्हणणाऱ्याकडे राहिलात तर पत्त्याचा दाखला अडतो आणि कार्डही. पाऊस इथे हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा. बऱ्याच घरांत गरम ठेवायची सोय नसते, भिंतींना बुरशी धरते. तळमजल्याची, उत्तरेकडची खोली घेऊ नका.

सामानात काय आणावं? हापूस नाही. ताजी फळं दाखल्याशिवाय युरोपात आणता येत नाहीत. नारळ आणि केळी मात्र त्या नियमातून सुटलेली आहेत. तूप, खवा, पेढे हे दुधाचे पदार्थ म्हणून विमानतळावरच काढून घेतात. सुकी मासळी चालते, माणशी २० किलोपर्यंत. पण सोडे भाजायच्या आधी खोलीतल्या सोबत्यांना विचारा, आणि खिडकी उघडा. आमसुलं पुरेशी आणा. तांदूळ-डाळ लिस्बनच्या मार्तीं मोनीज भागातल्या दुकानांत मिळते. बांगड्याच्या जवळचा मासा म्हणजे ‘काव्हाला’, स्वस्त आणि ताजा.

आता अभ्यासातला खरा गाभा. विद्यापीठाच्या आवारालगतच तोर्रे दो तोम्बो हे राष्ट्रीय दप्तरखाना आहे. मेट्रोच्या पिवळ्या मार्गावर ‘सिदाद युनिव्हर्सितारिया’ला उतरा. दप्तराची यादी इंटरनेटवर आहे, क्रमांक घरूनच टिपून जा. गोव्याहून मोसमी वाऱ्यांच्या जहाजांबरोबर होणाऱ्या पत्रव्यवहाराच्या ‘मोंसोंइश’ वह्या इथे आहेत, त्यांचा उरलेला मोठा भाग पणजीला. १५२१पासून चौलला, १५३४ ते १७३९ वसईला पोर्तुगीज होते. त्यामुळे तुमच्या किनाऱ्याची नावं या कागदांत जागोजाग येतात, पण ओळखू येत नाहीत. ‘एक्स’ बहुधा ‘श’ वाचायचा. शेवटचा ‘एम’ म्हणजे अनुस्वार. ‘बासाईं’ म्हणजे वसई, ‘दाबुल’ म्हणजे दाभोळ, ‘बौंसुलो’ म्हणजे वाडीकर भोसले, ‘सिनाय’ म्हणजे शेणवी. चौलला आजचे प्राध्यापक ‘शाउल’ म्हणतात. त्या काळी पोर्तुगीजांच्या तोंडी ‘च’ होता, लिहिणाऱ्याने ऐकलं तेच लिहिलं. बदलला तो पुढे त्यांचाच उच्चार.

सोळाव्या-सतराव्या शतकातलं दरबारी अक्षर लेखणी न उचलता लिहिलेलं असतं, शब्द एकमेकांत अडकलेले. मोडी वाचता येणाऱ्याला ही सवय असते, तिथे शब्द तोडण्याचं कसब आधीच हातात असतं. रोज एकच पान घ्या, आधी ठरावीक सुरुवात आणि शेवट ओळखा, मग संक्षेप: ‘के’ या शब्दासाठी नुसता ‘क्यू’ आणि वर लाट. मधला मजकूर शेवटी. एका पानाला सुरुवातीला दोन दिवस लागले तरी ते ठीक आहे.

प्रबंधाचा विषय शोधत असाल तर रेवदंड्याच्या खाडीपलीकडचं कोर्लई डोक्यात ठेवा. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून झालेली ‘नौ लिंग’ आजही घरात बोलतात. ध्वनिमुद्रण करायचं तर बोलणाऱ्याची लेखी संमती मराठीत घ्या आणि तिचं पोर्तुगीज भाषांतर जोडा. विद्यापीठाची नीतिसमिती ते मागते, आणि सुट्टीत गावी गेल्यावर ही आठवण होऊन उपयोग नसतो, कारण परवानगी मुद्रणाच्या आधीची लागते.